दूध पचत नाही, पण कॅल्शियम तर हवंय. मदत हवी आहे

आईचं वय ५८. हाडांची घनता तपासली, ती कमी आली आहे. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचं पुढे बघू, आधी आहारात दूधदुभतं वाढवा.

घोडं अडलंय ते इथेच. कपभर दूध प्यायली की तासाभरात पोट डब्ब होतं, गुडगुडतं, कधी थेट जुलाब. चहातलं दूध मात्र बाधत नाही, दहीही पचतं. मग दुधाऐवजी दही चालेल का? कोलेस्टेरॉल थोडं जास्त आहे म्हणून साय काढते, त्याने कॅल्शियम जातं का? आणि 'तूप खा, हाडांना वंगण मिळतं' असं घरातले सगळेच सांगतात, त्यात तथ्य किती?

प्रतिसाद १
लक्षणं लॅक्टोज न पचण्याची वाटतात, डॉक्टरांच्या कानावर घाला. ही दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज वयानुसार कमी होतं, जगातल्या बहुतेक प्रौढांचं होतं. थोडं दूध मात्र अनेकांना चालतं, म्हणून चहा बाधत नाही. अर्धा कप जेवणासोबत देऊन बघा. (अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं असं होत असेल तर ती अॅलर्जी. मग हे प्रयोग नकोत.)

दही खुशाल द्या. विरजणातले जिवाणू बरंचसं लॅक्टोज आधीच फस्त करतात. १०० ग्रॅम दह्यात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे दुधाइतकंच. या वयात रोजची गरज १००० ते १२०० धरतात, त्यामुळे एका वाटीत भागणार नाही. लॅक्टोज-फ्री दूधही मिळतं. चवीला जरा गोड लागतं, कॅल्शियम तेवढंच.

साय बिनधास्त काढा, कॅल्शियम आणि प्रथिनं खालच्या दुधातच राहतात. याच कारणाने तुपात कॅल्शियम जवळपास नसतं. वंगणबिंगण काही नाही, ती निव्वळ स्निग्धता.

ड जीवनसत्त्व तपासलंय का? ते कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही.

धागाकर्ती
खूप आभार! ड तपासलेलं नाही, या आठवड्यात करून घेते. ती दही कमी, ताकच जास्त घेते, दिवसातून दोन ग्लास. तेवढं पुरेल?

प्रतिसाद १
पाणी किती घालता त्यावर आहे. एकास तीन असेल तर ग्लासात दही पाव ग्लासच. ताक तहानेला ठेवा, जेवताना दही वेगळं वाढा. लोहाची गोळी चालू असेल तर ती दह्या-दुधासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा.