घर आधी की शाळा? मुंबईकरांचे अनुभव

घर ठरवताना मुलांची शाळा पालिकेची, अनुदानित की खाजगी, हे कसं तोललंत? ‘शाळा छान आहे’ नको. कागद, अंतर, पैसे यांवर लिहा.

चाळकरी: पालिकेच्या शाळेत आधी विचारा, शेवटची इयत्ता कोणती? बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढचं त्याच माध्यमाचं माध्यमिक चालत जाण्याजोगं नसेल तर घर बदलण्याची पाळी येते. बाकी फी नाही, दप्तर-वह्या-गणवेशासकट २७ वस्तू मिळतात. जोगेश्वरीच्या पूनम नगरसारख्या पालिकेच्या सीबीएसई शाळेसाठी मात्र शेजारी घर घेऊन बसू नका. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते, आणि सोडत शेजार बघत नाही.

पार्लेकरीण: अनुदानित शाळांचं कोणी बोलतच नाही! पगार सरकार देतं, म्हणून फी किरकोळ. पण पट विचारा, तोही इयत्तावार. दहावीत साठ आणि पहिलीत पंधरा मुलं असतील तर शाळा खालून रिकामी होते आहे. मग संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक ठरवताना, पदं कमी होतात, उरलेले शिक्षक दोन-दोन वर्ग सांभाळतात. आणखी एक गफलत: संस्था एक, आवार एक, पण मराठी माध्यम अनुदानित आणि इंग्रजी विनाअनुदानित. फीचा कागद कोणत्या माध्यमाचा आहे ते बघूनच घराचं टोकन द्या.

हिशेबनीस: खाजगीचा हिशेब महिन्यावर आणा. समजा फी १,२०,०००, बस ३०,०००, पुस्तकं-गणवेश १५,०००. झाले महिन्याला १३,७५०. दोन मुलं असतील तर दुप्पट. आता हे पैसे भाड्यात घातले तर चांगल्या अनुदानित शाळेच्या दारात घर मिळतं का, ते बघा. उपनगरात बरेचदा मिळतं. २०११ च्या फी कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी दोन वर्षं लागू असते. तो मंजुरीचा कागद मागा, माहितीपुस्तिकेतला आकडा धरू नका. नवी शाळा असेल तर अकरा अंकी यू-डायस क्रमांक (सरकारदरबारी शाळेचा ओळख क्रमांक) आणि पालिकेची अनधिकृत शाळांची यादी दोन्ही तपासा.

एक किलोमीटरवाले: आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत मोफत ठेवलेल्या, २५ टक्के जागांसाठी घराचा पत्ता हाच खरा मुद्दा; शाळेचं अंतर त्यावरूनच मोजतात. दुर्बल गटाला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. वंचित गटाला (अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग वगैरे) उत्पन्नाची अट नाही. भाड्याने राहत असाल तर करार नोंदणीकृत, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याआधीचा हवा. नोटरी चालत नाही. त्यामुळे करार नोंदवायला का-कू करणारा मालक असेल तर ती खोली सोडा. ऑनलाइन अर्जात घराची नकाशावरची खूण नेमकी आपल्या गल्लीत टाका. चाळी-वस्त्यांत ती आपोआप मुख्य रस्त्यावर जाऊन बसते, मग पडताळणीत अंतर जुळत नाही आणि लागलेला प्रवेश जातो. सवलत आठवीपर्यंतच. नववीपासूनची पूर्ण फी झेपेल का, हे पहिलीतच मोजा.

जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगीला या २५ टक्क्यांतून सूट, हा फेब्रुवारी २०२४ चा नियम उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला. काही शाळांच्या खिडकीवर अजून तीच सबब ऐकू येते.

पूर्व-पश्चिम: रुळांच्या पलीकडची शाळा नकाशावर ७०० मीटर दिसते, पाय मात्र पुलावरून जातात. शाळा सुटायच्या वेळी एकदा चालून बघा. वाट पावसात तुंबणाऱ्या अंधेरी सबवेतून असेल तर जुलैतली बघा.