आमवात आणि संधिवात एकच का?

आमच्या फोंड्यात सांधा दुखला की सगळ्यांचं एकच, वात झालाय. आजीचा गुडघा पण वात, काकांच्या पायाचा अंगठा पण वात, आणि आईची बोटं सुजली तेव्हा आम्ही पण तेच धरून दोन महिने तेल चोळत राहिलो. चवथीला नेवऱ्यांची मुरड घालायला बसली तर मूठच वळेना, अकरा वाजता बोटं जरा सैल झाली तेव्हा कुठे हात चालला. डॉक्टर म्हणाले ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वैद्य म्हणाले आमवात. मग आपण म्हणतो तो संधिवात कुठला?

—

वेगळे आहेत, आणि एकाच नावाखाली घालून लोकांचं खरंच नुकसान होतं. आम म्हणजे कच्चा, न पचलेला, आमांशातला आम तोच. अग्नी मंद झाला की अन्नरस कच्चा राहतो आणि वायू तो सांध्यात नेऊन टाकतो अशी ती कल्पना. माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात वेदना कशी तर विंचवाने नांगी मारल्यासारखी. संधिवात म्हणजे चरकाचा संधिगत वात, तिथे सांधा हाताला हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो म्हटलंय, हा झिजेच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या जवळचा, आजीचा गुडघा तो. काकांचं युरिक ॲसिडवालं असेल तर वातरक्त, त्याचं जुनं नाव आढ्यवात, आढ्य म्हणजे श्रीमंत, म्हणजे श्रीमंतांचं दुखणं. आणि तेलाचं म्हणाल तर संधिगत वाताला ते चालतं, पण आमवातात आम असेपर्यंत तेल चोळत नाहीत, गरम वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक देतात.

फक्त आमवात म्हणजे तंतोतंत ऱ्हुमॅटॉइड असं धरू नका. आम रक्ततपासणीत दिसत नाही, तिथे आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी बघतात, कारण आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते. उशीर केला तर हाड खाल्लं जातं, बोटं वाकडी होतात. मेथोट्रेक्सेट हे त्यावरचं औषध दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच, रोज घेतलं तर जिवावर बेततं, डबीवर वार लिहून ठेवा.

—

लिहिला, रविवार. विंचवाचं वाचून दाखवलं तर आई म्हणाली बरोब्बर असंच. ती सकाळच्या त्या ताठरपणाला बोटं धरली म्हणते, याला ग्रंथात शब्द आहे का?

—

आहे की, स्तब्ध. गात्र स्तब्ध करतो तो आमवात, अशीच व्याख्या आहे माधवनिदानात. डॉक्टरकडे नुसतं दुखतं म्हणू नका, बोटं धरतात म्हणा आणि किती वाजेपर्यंत ते पण सांगा, झिजेच्या दुखण्यात ती बहुतेक अर्ध्या तासात सुटतात, यात तास तास सुटत नाहीत.