शेतातले ससे दिसेनासे झालेत, बांधावर काय ठेवायला हवं?

सासवडचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, मी राहायला हडपसरला पण शेत पुरंदरमध्ये, थोडं अंजीर, थोडं सीताफळ, बाकी वाटाणा आणि बाजरी. पूर्वी रात्री मोटर चालू करायला गेलं की बॅटरीच्या उजेडात एखादा ससा पळताना दिसायचाच, आता लेंड्या पण दिसत नाहीत. आजूबाजूला प्लॉटिंग झालंय, भिंती आल्यात, बांध जेसीबीनं कोरून सरळ केलेत. आता वडील म्हणतायत आपला बांध पण तणनाशक मारून साफ करू, गवतात साप होतात. मला ते होऊ द्यायचं नाहीये पण ससे वाचतील एवढ्यावर त्यांना पटणार नाही. शिवाय अंजिराची नवीन रोपं लावायचीत, ससे साल कुरतडतात म्हणे. कुणाला अनुभव असेल तर नीट सांगा.

माळरान_भटक्या:
दादा, तणनाशक मारूच नका. आपला रानससा बीळ करत नाही, बिळं करणारे पांढरे पाळीव ससे मूळचे परदेशी, ते वेगळे. हा दिवसभर गवताच्या ठोंबाखाली बसून असतो, कधी सापडली तर ती जागा बघा, गवत दाबून अंगाच्या मापाचा खळगा झालेला असतो आणि तो कान पाठीला चिकटवून असा बसतो की अगदी पायाशी येईपर्यंत दिसत नाही, मग एकदम उसळून पळतो. त्यामुळे बांध बोडका झाला की त्याला दिवस काढायला जागाच उरत नाही, रात्री खायला कितीही असू दे.
पिल्लं पण उघड्यावरच होतात, जन्मतानाच अंगावर केस आणि डोळे उघडे. आई दिवसा त्यांच्याजवळ थांबत नाही, अंधार पडला की पाजून जाते. तेव्हा खुरपताना पिल्लू एकटं दिसलं तर अनाथ समजून घरी आणू नका प्लीज, लोक मायेपोटी आणतात आणि ते मरतं. तिथंच राहू द्या, बायकांना त्या कोपऱ्यात खुरपू नका म्हणून सांगा. जखमी असेल तरच वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा.

दौंडकर_ऊसवाले:
आमच्याकडं सगळा ऊस, तोडणीच्या वेळी हे दरवर्षी बघतो. फड चारी बाजूनं तोडत आत गेलं की आतली सगळी जनावरं मधल्या तुकड्यात अडकतात, ससे, मुंगूस, रानमांजर, आणि शेवटी बाहेर पडायला जावं तर चहूकडं माणसं आणि कुत्री. आम्ही आता एका बाजूनं तोडत बांधाच्या दिशेनं जातो, म्हणजे त्यांना आडोशाला निघून जाता येतं. युरोपात पण गवत कापताना मधून बाहेर कापत जा असंच शेतकऱ्यांना सांगतात, तिकडं मोठी मशिनं आली, मैलोन्मैल एकच पीक आलं आणि ससे घटले. आणि पाचट पेटवू नका हो! पिल्लं पळत नाहीत, जागेवर दबून बसतात, आग आली तरी.
वडिलांना मातीचं सांगा. मारवेल, पवना असलं गवत बांधाला धरून ठेवतं, पहिल्या मोठ्या पावसात बोडका बांध फुटतो ते त्यांनी स्वतः बघितलं असणारच. वर म्हशीला वैरण. सापाची भीती खरी आहे, तिला हसू नका, घराजवळचा आणि पायवाटेचा भाग साफ ठेवा आणि लांबचा बांध सोडा.

अंजीरवाली_ताई:
रोपांचं मी सांगते. कोंबड्यांच्या जाळीचा दोन फुटी गोल प्रत्येक रोपाभोवती, बुडाची कड मातीत दाबायची नाहीतर ते खालून तोंड घालतात. जाळी खोडाला टेकू देऊ नका. खोडाची साल जुनी, टणक झाली की जाळी काढून पुढच्या रोपाला वापरायची. विषारी आमिष ठेवायचा सल्ला पण मिळेल, अजिबात ऐकू नका, त्यात मोर, कुत्री सगळेच जातात.
आणि मोकाट कुत्र्यांबद्दल कुणीच बोललं नाही अजून. आमच्याकडं बांध आहे, गवत आहे, तरी ससे कमी, कारण हॉटेलांचा खरकटा कचरा रस्त्याकडेला पडतो, त्यावर पोसलेल्या टोळ्या रात्री रानात शिरतात. ग्रामपंचायतीकडं कचरा आणि नसबंदी दोन्हीचा अर्ज द्या, एकट्यानं नको, दहा सह्या घेऊन.

माळरान_भटक्या:
ताईंना अनुमोदन. अजून एक, बांधावर तारेचे फास किंवा वाघूर (ससे धरायचं जाळं) लावलेली दिसली तर स्वतः भांडायला जाऊ नका, फोटो काढून वनरक्षकाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे, 'ससाच तर आहे' म्हणून कुणी सोडून देऊ नये.

सासवडचा_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना बांध फुटण्याचं लगेच पटलं, मागच्या पावसात शेजाऱ्यांचा गेलाय. ओढ्याकडचा बांध बोरी-बाभळीसकट तसाच ठेवायचा ठरलंय. पण वैरणीसाठी गवत कधी कापू?

दौंडकर_ऊसवाले:
ससा वर्षभर वितो, पावसाळ्यात जरा जास्त, त्यामुळं अमुक महिना सेफ असं काही नाही. एका वेळी निम्माच बांध कापा, उरलेला ते गवत परत गुडघाभर झाल्यावर. विळ्यानं कापा, ग्रास कटर नको, आणि कापायच्या आधी काठी आपटत एक चक्कर मारा, पिल्लू असेल तर हलणार नाही म्हणून ठोंब हातानं बाजूला करून बघा.