मदत हवी आहे: एमडींच्या (व्यवस्थापकीय संचालकांच्या) पगाराचं गुणोत्तर नेमकं कसं वाचायचं?

एका सूचिबद्ध कंपनीचे थोडे शेअर्स माझ्याकडे आहेत. एमडींचा मोबदला निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांहून जास्त करण्याचा विशेष ठराव आलाय. ई-व्होटिंग चार दिवसांत बंद होईल आणि डोळे मिटून ‘होय’ दाबायचं नाहीये.

कंपनी कायदा २०१३, कलम १९७ प्रमाणे प्रत्येक संचालकाचा मोबदला मध्यक कर्मचाऱ्याच्या (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधोमध येणाऱ्याच्या) किती पट, हे संचालक मंडळाच्या अहवालात असतं. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले. मधल्या वर्षी आकडा दुपटीहून वर गेला, पुढच्या वर्षी परत खाली. तळटीप सांगते की त्या वर्षी एमडींनी ईसॉप (ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर्स घेण्याचा कर्मचाऱ्यांना दिलेला हक्क) वापरले. त्याच्याच खाली बारीक अक्षरांत: मध्यक फक्त कायम कर्मचाऱ्यांचा. म्हणजे यंत्रावर उभे राहणारे कंत्राटी कामगार हिशेबात नाहीतच! हे मला फार खटकतं.

ईसॉप वगळून गणित करून पाहिलं, पण मग पगाराचा सगळ्यात मोठा भागच गायब होतो. बीआरएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारी आणि शाश्वततेच्या अहवालात) कंत्राटींची संख्या आणि किमान वेतनाहून जास्त मिळतं का, एवढंच सापडलं. कंपनीला मेल केला, तर तीच तळटीप परत आली.

चांगल्या माणसाला चांगला पगार द्यावा, हे मान्य. तो वाद इथे नको. शेअर्स विकायचेही नाहीत. फक्त सांगा, ईसॉपची किंमत दिल्या दिवशीची धरून ती वर्षांवर विभागायची, की वापरल्या वर्षीचा फायदा धरायचा? आणि कंत्राटींचं सरासरी वेतन अहवालातल्या कुठल्या आकड्यांवरून काढता येईल?