शब्द सुचवा: भीती 'बसणे', भीती 'चेपणे' आणि कॅनाबिनॉइड

प्रश्न (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आरोग्यावरच्या एका अंकासाठी लेख लिहिते आहे. मनात बसलेली भीती ओसरताना गांजाच्या झाडातली द्रव्यं, आणि तशीच आपल्या शरीरात तयार होणारी द्रव्यं, काय करतात हा विषय. दोन शब्दांपाशी अडले आहे.

पहिला 'विलोपन'. मानसशास्त्राच्या पुस्तकांत भीती शिकण्याला 'अभिसंधान' आणि ती ओसरण्याला 'विलोपन' म्हटलेलं दिसतं. प्रयोग साधारण असा असतो: पडद्यावर ठरावीक रंगाचा चौकोन आला की बोटांना विजेचा हलका झटका देतात. असं काही वेळा झालं की नुसता चौकोन पाहूनही हाताला घाम सुटतो, तो यंत्राने मोजतात. मग झटका न देता तोच चौकोन पुन्हा पुन्हा दाखवतात आणि घाम कमी होत जातो. हे विलोपन. पण विलोप म्हणजे नाहीसं होणं, आणि इथे जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्यावर 'आता झटका नाही' ही नवी शिकवण चढते, एवढंच. मध्ये बरेच दिवस गेले किंवा जागा बदलली की जुनी भीती परत येते. मग नेमका शब्द कोणता?

दुसरा 'कॅनाबिनॉइड', म्हणजे वर म्हटलेली ही सगळी द्रव्यं. असाच ठेवू की 'गांजाद्रव्य' म्हणू?

उत्तर (पारोळा)

ताई, तुमच्याच वाक्यात शब्द आहे. 'भीती वाटते' ती त्या क्षणापुरती. 'भीती बसते' ती अनुभवाने शिकलेली. अभिसंधान कशाला हवं? 'बसलेली भीती' म्हणा. आणि बसलेली भीती 'चेपते'.

आमचा एक बैल मोरीपाशी ट्रॅक्टरच्या आवाजाने बुजला, गाडी नाल्यात गेली. तेव्हापासून मोरी आली की पाय रोवून उभा. आजोबा त्याला रोज संध्याकाळी जू न ठेवता मोरीवरून न्यायचे आणि पलीकडे मूठभर ढेप चारायचे. महिन्याभरात निमूट जायला लागला. आजोबा म्हणाले, 'त्यानं भेव चेपनं.' पावसाळ्यात ती वाट चिखलाने बंद असायची. पोळ्यानंतर पहिल्यांदा त्या वाटेने गाडी काढली, तर मोरीवर पुन्हा तेच. तुम्ही लिहिलंय ते हुबेहूब. चेपलेलं असतं ते खाली असतंच.

उत्तर (शिरपूर)

'गांजाद्रव्य' कृपा करून नको. आमच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची शेती पकडल्याच्या बातम्या येतच असतात. शीर्षकात गांजा दिसला की लोक पुढचं वाचतच नाहीत, किंवा नको तो अर्थ काढतात. शिवाय भांग, गांजा आणि चरस हे एकाच झाडाचे, पण वेगळे: पानं म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानेही हा भेद पाळला आहे. गांजा आणि चरस त्याच्या कक्षेत येतात, फुलोऱ्याशिवायची नुसती पानं येत नाहीत. एवढा बारकावा असताना सगळ्याला गांजा म्हणणं बरोबर नाही.

उत्तर (नंदुरबार)

'चेपणे'ला माझी हरकत आहे. 'त्याची भीड चेपली' म्हणजे तो निर्ढावला, मोठ्यांना जुमानत नाही. अपघातातून उठलेल्या माणसाबद्दल असं कसं लिहायचं? 'भीती मोडणे' घ्या.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'मोडणे' मी बराच वेळ घोळवून पाहिला. सवय मोडली की ती संपली असं आपण समजतो, म्हणजे पुन्हा विलोपनाचीच चूक. 'चेपणे'तला निर्ढावलेपणा 'भीड'मुळे येतो. 'पोहायला लागल्यावर पाण्याची भीती चेपली' यात काही वावगं वाटत नाही. तेव्हा चेपणेच.

हा शब्द घेतला आणि संशोधन सांगणं फार सोपं झालं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही उंदरांमध्ये सीबी-1 हा ग्राहकच नव्हता. मेंदूत कॅनाबिनॉइड जिथे जाऊन बसतात ती ही जागा. आवाजाबरोबर झटका दिल्यावर या उंदरांना भीती इतरांसारखीच बसली, पण चेपेना. बसणं आणि चेपणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मराठीत एका ओळीत सांगता आलं.

माणसांवरचं काम लहान गटांवरचं आहे. 2013 साली निरोगी स्वयंसेवकांना भीती चेपण्याच्या सत्राआधी 7.5 मिलिग्रॅम कृत्रिम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं कॅनाबिनॉइड) दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांची भीती औषध नसलेली साधी गोळी घेतलेल्यांपेक्षा जास्त चेपलेली राहिली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात, सीबीडी या त्याच झाडातल्या पण नशा न आणणाऱ्या कॅनाबिनॉइडचा उपयोग ते सत्रानंतर दिलं तेव्हा दिसला. सगळ्याच प्रयोगांत असा गुण आलेला नाही, आणि टीएचसीचं प्रमाण वाढलं की उलट घबराट होते. म्हणून लेखात 'भीतीवर गांजा' असं कुठेही येऊ देणार नाही. पारोळ्याचे आजोबा बैलाला रोज मोरीवरून नेत होते, ते काम कुठलीही गोळी करत नाही. ती फार तर त्या कामाला हातभार लावेल.

कॅनाबिनॉइड मात्र तसाच ठेवते. शिरपूरकरांच्या कारणात माझं एक जोडते: यातली काही द्रव्यं झाडातून येतच नाहीत, आपलं शरीरच ती तयार करतं. 1992 मध्ये जेरुसलेममध्ये त्यातलं पहिलं सापडलं, तेव्हा शोधणाऱ्यांनी त्याला संस्कृत 'आनंद' वरून आनंदामाइड नाव दिलं. ते वाचून मला किती बरं वाटलं! जिथे आपला शब्द आधीच आत आहे तिथे गांजा चिकटवायला नको.

आता एकच अडतं. चेपलेली भीती परत येते त्याला 'पुनरुद्भव' असा शब्द मी आधी लिहिला होता, तो खोडला. ताप उतरून पुन्हा चढला की आपण 'दुखणं उलटलं' म्हणतो. तसं 'भीती उलटली' म्हटलं तर पारोळ्याला, नंदुरबारला कळेल का? त्या बैलाबद्दल आजोबा काय म्हणाले होते, तेही आठवलं तर कळवा.

उत्तर (पारोळा)

आजोबांनी नाव काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ढेप घेऊन पुन्हा मोरीवर गेले. पण 'उलटली' कळतं. लिहा.