'कॅमेरा फिरतो' म्हणजे नक्की काय?

ओसरी: लघुपटाची संहिता मराठीत लिहितेय. पहिलं दृश्य: अंगणात तुळशीपाशी आजी, तिच्यावरून बंद माडी दिसते. मी लिहिलं, 'कॅमेरा आजीवरून माडीकडे फिरतो.' कॅमेरामनने आजीभोवती गोल रूळ टाकून त्यावर कॅमेऱ्याची ट्रॉली मांडायचा हिशोब काढला! भाडं ऐकून मी गार. कॅमेरा जागचा हलायलाच नको होता, नुसतं तोंड आजीवरून माडीकडे. याला 'पॅन' म्हणतात ना, त्या पॅनला मराठी शब्द काय?

तिरकस: माडी वर असते ना? मग तो टिल्ट. पॅन आडवा, टिल्ट उभा.

शब्दवेडी: घोळ 'फिरणे'चा आहे. पंखा जागच्या जागी फिरतो, भुंगा फुलाभोवती फिरतो आणि आमचे हे गावभर फिरतात. 'वळतो' लिहा.

तिरकस: मान वर करताना कोण वळतं?

अमृतातेही: 'दिक्‌चालन' का नको? सावरकरांचा 'दिग्दर्शक' रुळलाच ना?

तिरकस: दिक्‌चालन जहाजाचं असतं. आजी बुडेल.

अमृतातेही: आमचे मास्तर सांगायचे, पॅन हा 'पान'वरून आला. पान उलटावं तसं दृश्य उलटतं.

शब्दवेडी: गोड आहे, पण नाही हो. ते 'पॅनोरमा'चं तोकडं रूप. अठराव्या शतकाच्या शेवटी रॉबर्ट बार्करने गोल इमारतीत चौफेर चित्र लावलं, त्याला हे नाव दिलं. बघणारा मध्ये उभा राहून स्वतः वळायचा. म्हणून म्हणते, 'वळतो'च.

जुना लाइटमन: काहीही लिहा, पण ट्रॉलीच्या जागी झूम लिहू नका. ट्रॉली पुढे गेली की तुळस झपाझप मोठी होते, मागची माडी जवळपास तेवढीच राहते. झूममध्ये दोन्ही एकाच पटीत वाढतात. अंगण खडबडीत असेल तर रुळांखाली पाचरी ठोकायच्या, चाक कुरकुरलं तर रुळावर टाल्कम पावडर. आजी बोलत असेल तर ती कुरकुर साउंडवाल्याच्या कानात आधी जाते.

मु. पो. ऊसपट्टा: आमच्याकडे ट्रॉली म्हणजे उसाची. अंगणात शिरली तर तुळसच राहायची नाही.

जुना लाइटमन: ही रुळावरची हो. नवी पोरं हल्ली हिलाच डॉली म्हणतात.

ओसरी: अहो, मला ट्रॉलीच नकोय!

अमृतातेही: 'डॉली' आपल्या 'डोली'वरूनच आली असणार. चौघं मिळून हलवतात, बघा.

शब्दवेडी: पुन्हा तुमचे मास्तर का?

अमृतातेही: नाही, हे माझं स्वतःचं.