मदत हवी आहे: पहिली शिडाची बोट कोणती घ्यावी, जे/२४ की कॅटलिना २२?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत मेरीलँडला राहतो, अ‍ॅनापोलिसपासून अर्ध्या तासावर. गेले दोन उन्हाळे ओळखीच्या एका गृहस्थांच्या जे/२४ वर बुधवारी संध्याकाळच्या शर्यतींना क्रू म्हणून जातोय. आता स्वतःची बोट घ्यायची आहे, अर्थात जुनी. दोन बोटी बघून आलोय, पैसे बाजूला काढून ठेवलेत, पण पंधरा दिवस झाले, घोळ संपत नाही.

पहिली आहे १९८२ ची जे/२४. रॉड जॉनस्टनने आखलेली ही २४ फुटी बोट १९७७ पासून विकली जातेय आणि आजवर पाच हजारांच्या वर तयार झाल्यात. माझा जीव खरं तर हिच्यावरच आहे. दहा-बारा नॉट वाऱ्यात जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, दोर इंचभर ओढला तरी बोटीने वेग घेतलेला तळपायाला कळतो. शर्यतीत पाच जण असतो, वारा वाढला की चौघं कडेला ओळीत बसतो, तेव्हा ती सरळ राहते आणि धावते.

पण घरी आम्ही तिघंच. बायको आणि नऊ वर्षांची लेक. गेल्या जुलैत त्या गृहस्थांनी बोट एक दिवस आम्हाला दिली होती. दुपारी चारच्या सुमारास थॉमस पॉइंटच्या दीपगृहाजवळ पश्चिमेकडून काळा ढग आला. इथे उन्हाळ्यात हे नेहमीचंच, मला आधीच परत फिरायला हवं होतं. मी पुढे जाऊन जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, उतरवत होतो, ते ओलं शीड निम्मं पाण्यात गेलेलं, आणि मागे बायको सुकाणू दोन्ही हातांनी धरून उभी. लेक आत शिडांच्या पिशव्यांवर अंग आखडून पडली होती. वीस मिनिटांत सगळं शांत झालं, कोणाला काही लागलं नाही. पण त्यानंतर बायको एकच म्हणाली, “तू पुढे गेलास की मागे मी एकटी असते.” ते मनातून जात नाही.

दुसरी कॅटलिना २२. साडेएकवीस फुटांची, जाड, शांत बोट. कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंखा, वर ओढता येते: खाली सोडली की पाच फूट पाणी लागतं, वर घेतली की दोन फूट. छप्पर वर उचललं की बायको आत ताठ उभी राहते. ट्रेलरवरून रॅम्पने पाण्यात उतरवता येते. जे/२४ ची कील कायमची चार फूट खाली, ती सहसा क्रेननेच उतरवावी लागते. वेगात मात्र दोघींची बरोबरी नाही. वेगवेगळ्या बोटींची शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून दिलेल्या हँडिकॅपच्या रेटिंगप्रमाणे कॅटलिनाला दर सागरी मैलामागे जे/२४ पेक्षा साधारण शंभर सेकंद जास्त लागतात.

मे महिन्यात बाबा हर्णैहून आले होते, त्यांना दोन्ही बोटी दाखवल्या. आजोबांची शिडाची होडी होती, ओहोटीला ती वाळूवर बसायची. बाबांनी शीड बघितलं नाही, डोलकाठी बघितली नाही. सरळ विचारलं, “हिला पाणी किती लागतं?” इथल्या चेसापीक उपसागराची सरासरी खोली जेमतेम एकवीस फूट, आणि जिथे नांगर टाकून रात्र काढावीशी वाटते त्या आतल्या खाड्या काठाकाठाने गाळाने भरलेल्या. वाय नदीत एक रात्र राहायचं लेकीने कधीपासून ठरवलंय.

तर प्रश्न असे. लहान मूल घेऊन जे/२४ वर कोणी रात्रीचे मुक्काम केलेत का? ती दोघांत चालवताना लहान जिब लावून भागतं का? आणि कॅटलिना घेतली तर दोन वर्षांत तिचा कंटाळा येईल का? हे शेवटचं मला सगळ्यात जास्त छळतंय.

प्रतिसाद

दादा, मी वीस वर्षं शर्यती केल्या आणि मुलं झाल्यावर क्रूझिंगकडे, म्हणजे निवांत मुक्कामी सफरींकडे, वळले, म्हणून मोकळेपणाने लिहिते. लहान जिबवर जे/२४ दोघांत नक्की चालते, पण कडेला वजन नसलं की लवकर कलते आणि लेक घाबरते. मुख्य गोष्ट वेगळीच आहे. शर्यतीला स्वतःची बोट लागत नाही, कारण बुधवारी धक्क्यावर क्रूची वाट बघणारे मालक कायम असतात. मात्र दुसऱ्याच्या बोटीत लेकीला घेऊन वाय नदीत मुक्कामाला जाता येत नाही. कॅटलिना घ्या, बुधवार सोडू नका.

घेण्याआधी तिची कील पूर्ण खाली सोडायला लावा. साडेपाचशे पौंडांचं ओतीव लोखंड एका तारेवर लटकलेलं असतं. तारेवरून फडकं फिरवा, कुठे अडकलं तर तार तुटायला लागली आहे असं समजा. कील हाताने आडवी हलवून बघा, जास्त खडखडली तर पिन झिजली आहे. जे/२४ च घ्यायची झाली तर डेक ठोकून ऐका. आत बाल्सा लाकूड असतं, पाणी मुरलं की आवाज बद्द येतो.

मूळ धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. शनिवारी लेकीला घेऊन गेलो होतो. फडकं तारेवर दोन ठिकाणी अडकलं. मालकांनी नवीन तार आणि पिनचे पैसे किमतीतून वजा करायचं मान्य केलंय. विंचचा दांडा लेकीनेच फिरवला आणि कील पूर्ण वर येईपर्यंत मोजलं. पुढच्या आठवड्यात बोट तपासायला सर्व्हेयर येतोय. दोन फूट पाण्यात मागच्या बाजूला दुसरा नांगर टाकायचा असेल तर किती वजनाचा घ्यावा, तेवढं सांगाल का?